आर्मी कधी होतेय?

2015 साली आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाआधी एक प्रश्न हमखास कानावर यायचा. "आर्मी कधी होतेय?" उत्तर "पाऊण तास" असं आलं की विचारणारा ताट घेऊन निवांत बसायचा. क्लॅश ऑफ क्लॅन्स या, गाव वसवून दुसऱ्यांच्या गावांवर हल्ले करायच्या मोबाइल खेळात तेव्हा एक ड्रॅगन तयार व्हायला अर्धा तास लागे आणि पेका नावाच्या चिलखती धटिंगणाला पाऊण तास. घाई असेल तर जेम्स, म्हणजे खेळातली रत्नं, खर्च करा, आणि जेम्स संपले तर पैसे देऊन विकत घ्या. म्हणजे दुकान खरं तर वाट पाहण्याचं होतं.

हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने हा खेळ 2 ऑगस्ट 2012 रोजी आयफोन-आयपॅडवर आणला. अँड्रॉइडवर तो ऑक्टोबर 2013 मध्ये आला आणि आपल्याकडच्या पोरांच्या हाती पडला तो तेव्हा. मोबाइलवरचे खेळ सहसा इतके जगत नाहीत. क्लॅश क्वेस्ट आणि क्लॅश मिनी ही याच घराण्यातली धाकटी भावंडं. सुपरसेलने दोन्ही बंद करून टाकली. थोरला मात्र चालूच आहे, आणि त्याची डागडुजी माणसं आत राहत असताना करावी लागते.

या डागडुजीत विटेला वीट कशी चिकटलेली असते, त्याचं उदाहरण म्हणजे शील्ड, अर्थात काही तास हल्ल्यांपासून मिळणारं संरक्षण. पूर्वी चलाख मंडळी आपला टाऊन हॉल, म्हणजे गावाची मुख्य इमारत, मुद्दाम तटबंदीबाहेर ठेवत. कुणीतरी येऊन तो फोडायचा, फुकटचा एक स्टार (पूर्ण विजयाचे तीन) न्यायचा, आणि आपल्याला 12 तासांची शील्ड मिळायची. दोघंही खूश! डिसेंबर 2015 च्या अपडेटने ही पळवाट बुजवली. नुसता टाऊन हॉल पडला म्हणून शील्ड मिळेना. नियम शहाणपणाचा होता, तरी लोक भडकले, कारण त्या पळवाटेवर कित्येकांचा दिनक्रम बसलेला होता. जुन्या खेळात चुकीची गोष्टही वहिवाटीची होते.

यंत्राच्या आत डोकावायचं तर रिप्ले पाहावा. हल्ला संपल्यावर तो पुन्हा बघता येतो. आपल्याला वाटतं व्हिडिओ साठवलाय. तसं नसतं. कोणत्या क्षणी कुठे बोट ठेवलं आणि कोणता सैनिक उतरवला, एवढीच नोंद राहते, आणि रिप्लेच्या वेळी फोन तीच लढाई नव्याने लढतो. जागा थोडी लागते, हिशोब पक्का राहतो. पण अपडेटमध्ये एखाद्या तोफेचा मारा जरा जरी वाढला, तर त्याच हुकमांचा निकाल वेगळा लागेल. म्हणून अपडेट आलं की जुने रिप्ले चालत नाहीत. मेंटेनन्स ब्रेकची सूचना झळकली की आमचा एक रूममेट आपला थ्री-स्टार अटॅक शेवटचा म्हणून पाहून घ्यायचा.

सगळे प्रयोग जमले असं नाही. 2017 मध्ये आलेला बिल्डर बेस म्हणजे मूळ गावाला जोडलेलं दुसरं गाव. ते मला कधीच आपलं वाटलं नाही. 2023 मध्ये कंपनीनेही ते बरंचसं मोडून नव्याने बांधलं.

खरी शस्त्रक्रिया झाली ती घड्याळावर. एप्रिल 2019 मध्ये गोल्ड पास आला: महिन्याला ठरावीक रक्कम द्या, सवलती घ्या, हिरोंना नवे पोशाख चढवा. माझ्या मते खेळाचं आयुष्य वाढलं ते इथे. कमाईचा दुसरा झरा लागल्यावर वाट पाहायला लावण्याची गरज कमी झाली. शिवाय याच कंपनीचा क्लॅश रॉयल 2016 पासून तीन मिनिटांत लढाई उरकत होता. पाऊण तास थांबायला नवा पोरगा कशाला तयार होईल? जून 2022 मध्ये सैन्य तयार करायचा खर्च गेला. मार्च 2025 मध्ये वेळही गेला. अटॅक संपला की पुढची आर्मी लगेच हजर.

इमारतींचं घड्याळ मात्र अजून टिकटिकतंय. नोव्हेंबर 2024 मध्ये टाऊन हॉल सतराव्या पातळीवर पोचला. पहिल्या पातळीवरून आज निघालेल्याने तिथे जायचं कधी? म्हणून खालच्या पातळ्यांचा खर्च आणि वेळ कंपनी पुनःपुन्हा छाटत आली आहे. आम्ही महिनोन् महिने घासून जे मिळवलं, ते आता फार लवकर मिळतं. जुन्यांना हे खुपतं. मलाही खुपलं, खोटं कशाला बोलू! पण नवी माणसं आली नाहीत, तर क्लॅनमध्ये, म्हणजे आपल्या टोळीत, सैनिक डोनेट करणार कुणाला?

परवा बऱ्याच वर्षांनी माझं टीएच नाईनचं, म्हणजे नवव्या पातळीच्या टाऊन हॉलचं, गाव उघडलं. रिकाम्या जागेत झाडंझुडपं माजली होती, बिल्डर झोपले होते. आर्मी तयार होती.