जूनच्या पेरणीआधी परत
लेखमाला : लेकरांच्या गावाला (लेखांक पाचवा)

पासपोर्ट हाती येईपर्यंतचा भाग मागच्या आठवड्यात संपला. आता व्हिसा, आणि तोही अमेरिकेचा. सौंसर-बोरगाव पट्ट्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी प्रश्न त्याचाच असतो.

बोरगावची गंमत अशी की माणूस बाजाराला, दवाखान्याला, पोरांच्या कॉलेजला नागपूरला जातो आणि कागद मात्र सगळे मध्य प्रदेशचे. पोरगा नागपुरात इंजिनिअर होतो, पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागतो, तिथून न्यू जर्सी नाहीतर डॅलस गाठतो. दोन-तीन वर्षांनी आईबाबांना बोलावतो, तेव्हा मित्रांकडून आलेली कागदांची यादी जशीच्या तशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. त्या यादीत पहिलं नाव असतं सातबाऱ्याचं. आता बोरगावात सातबारा कुठून आणायचा? इथं तलाठ्याच्या जागी पटवारी आणि सातबाऱ्याच्या जागी खसरा अन् बी-१, आणि तेही हिंदीत. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा तालुके छिंदवाड्यातून निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणजे जुन्या पासपोर्टावर जिल्हा छिंदवाडा, नव्या दाखल्यावर पांढुर्णा. यात घाबरण्यासारखं काही नाही. कोणी विचारलंच तर जिल्हा बदलला, घर तिथंच आहे, एवढं सांगायचं.

खरी भानगड नावाची असते. मराठी घरात बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तिपेडी रीत. मध्य प्रदेशच्या हिंदी कागदांवर ‘सुमनबाई पति रामराव’ एवढ्यावर काम भागतं, आडनाव कधी असतं, कधी गायब. पासपोर्टावर जे नाव आणि जी अक्षरं, तीच व्हिसाच्या अर्जात आणि तीच तिकिटावर, हा नियम डोळे मिटून पाळावा. बाकी कागदांवर थोडं इकडेतिकडे असलं तर निभावून जातं, तिकिटावर नाही.

मध्य प्रदेशचे अर्जदार अमेरिकेच्या मुंबईच्या वकिलातीकडे येतात. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, छत्तीसगड यांच्यासोबत. भेटीचा व्हिसा बी-१/बी-२ या नावाचा. डीएस-१६० हा अर्ज इंटरनेटवर भरायचा. २०२३ च्या जूनपासून माणशी १८५ डॉलर फी आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यावर आणखी २५० डॉलर घेण्याची तरतूद २०२५ च्या जुलैत तिथल्या कायद्यात झाली, म्हणून भरण्याच्या दिवशी फीचा ताजा आकडा बघूनच पैसे टाका. एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. नागपूरहून रात्रीची दुरंतो किंवा विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई. वकिलातीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो कोणाच्या हाती द्यायचा हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

मुलाखत मराठीत देता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पोरं फोनवरून आईला इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतात. ती बिचारी रोज सडा टाकताना ‘टुरिझम, फॅमिली व्हिजिट’ घोकत बसते, आणि खिडकीसमोर नेमकी तेवढीच वाक्यं आठवत नाहीत. त्यापेक्षा सरळ सांगावं, मराठीत बोलते. पाठ केलेलं इंग्रजी ऐकून साहेबाच्या मनात शंका येते. आपल्या बोलीत दिलेल्या सरळ उत्तरानं सहसा येत नाही.

आता मुद्द्याचं. १९५२ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यात २१४ (ब) नावाचं एक कलम आहे. त्याचा अर्थ असा: भेटीसाठी आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आला आहे, असं अधिकाऱ्यानं आधी गृहीत धरायचं, तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. आपल्याकडे नकार आला की घरात लगेच निदान होतं, पोराचा पगार कमी पडला, निमंत्रणाचं पत्र नीट नव्हतं. माझ्या मते ही उलटी समजूत आहे. खर्च मुलगा करणार असेल तर त्याची ऐपत दिसायला हवी, हे खरं. पण पोरगा तिकडे किती गब्बर आहे हे तुम्ही जितकं रंगवून सांगाल, तितकं तुम्ही तिकडेच राहाल असं वाटायला अधिकाऱ्याला कारण मिळतं. त्याला पोराच्या घरापेक्षा तुमच्या घराची माहिती हवी असते. इथं मागे काय आहे, आणि त्यासाठी तुम्ही परत याल का?

दोन-तीन मिनिटांच्या त्या बोलण्यात पुष्कळदा एकही कागद मागत नाहीत. कशाला चाललात, किती दिवस, इथं काय करता, एवढंच. रेमंडच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्याला पेन्शन आणि घर सांगता येतं. शेतकरी मात्र इथं संकोचतो. नोकरी नाही म्हणून आपली बाजू लंगडी, असं त्याला वाटतं. खरं तर संत्र्याच्या बागेइतका पक्का जामीन दुसरा नसेल.

बागेचं गणित बघा. मृग बहार धरणारा मे महिन्यात झाडांना ताण देतो, जूनच्या पावसावर फुटवा आणि फुलं येतात, फळ फेब्रुवारी-मार्चात उतरतं. आंबिया बहार धरणाऱ्याचा ताण डिसेंबरात, ओलीत जानेवारीत, फळ दिवाळीच्या मागेपुढे. पोरं म्हणतात, उन्हाळ्यात या, मे ते ऑक्टोबर, तिकडे हवा छान असते. बाप म्हणतो, खरिपात कसा येऊ? मग जानेवारी निघतो. जानेवारीत न्यू जर्सीला बर्फ. म्हातारा-म्हातारी दिवसभर काचेआड बसून राहतात, आणि मुलगा-सून कामावर. बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकली तर मोकळं होता येतं, पण पडत्या भावात देण्याची तयारी हवी. मृगवाल्याला सोयीचा दिसतो तो एकच मधला काळ: मार्चअखेर फळ उतरवून निघायचं, ताणाकडे भावाला किंवा सालदाराला लक्ष ठेवायला सांगायचं, आणि जूनच्या पेरणीआधी परत. सहा महिने राहा म्हणणाऱ्या पोराला बाप अडीच महिन्यांचंच तिकीट काढायला लावतो, यात पोराचा हिरमोड होतो खरा. पण खिडकीसमोर ‘किती दिवस?’ला ‘पेरणीच्या आधी परत येतो, बाग आहे माझी’ हे उत्तर कुठल्याही निमंत्रणपत्रापेक्षा वजनदार. ते खरं असतं, म्हणून तोंडातून सहज निघतं.

व्हिसा मिळाला की तो बहुधा दहा वर्षांचा असतो, आणि इथं दुसरा गैरसमज सुरू होतो. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार ठोठावण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, भेटीला साधारण सहा महिने देतो, आणि त्याची तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ही नोंद आता कागदावर नसते, संकेतस्थळावर बघावी लागते. पोचल्यावर त्याच आठवड्यात मुलाला ती काढून दाखवायला सांगा. तारीख उलटून राहिलात की तो दहा वर्षांचा व्हिसा तिथंच रद्द ठरतो.

पाहुणपणाला गेलेल्या मराठी माणसाचा मुक्काम लांबणं हे मात्र नवीन नव्हे. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या सोहळ्यासाठी त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडहून बोटीनं गेल्या होत्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अडीच वर्षांहून जास्त राहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, आणि परत आल्यावर अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या काळी आय-९४ नव्हतं.

बाकी देशांचं थोडक्यात. कॅनडाचा सुपर व्हिसा आजी-आजोबांसाठी सगळ्यांत ऐसपैस: २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला, जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा वैद्यकीय विमा आणि मुलाच्या उत्पन्नाची अट आहे. जर्मनी वगैरे शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस, आणि ३० हजार युरोचा विमा सक्तीचा. ब्रिटनमध्ये एका भेटीला सहा महिने.

आता बॅगा. नागपूरहून कतार एअरवेजनं दोहामार्गे अमेरिका गाठता येते, म्हणजे मुंबईचा फेरा चुकतो. पण बॅग नागपुरातच तोलली जाते, तेव्हा वजनकाटा घरातच लावावा. कुरडया, शेवया, मुगवड्या, तिखट यांचं सहसा काही अडत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र ठेवू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोजतात. खसखस अमेरिकेपेक्षा आखातात जास्त भोवते. लेक शारजाला किंवा दुबईला असेल तर रश्श्यासाठी म्हणून चिमूटभरसुद्धा नेऊ नये, अमीरातीत तिच्यावर बंदी आहे.

आणि संत्री? नाहीच. घरची बाग, नातवाला चाखवावी, ही इच्छा कितीही रास्त असली तरी ताजं फळ अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात. तीच गत ओल्या कढीपत्त्याची. लोकांना हा जुलूम वाटतो, पण सौंसरच्या बागाईतदाराला याचं कारण दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल. कढीपत्ता संत्र्याच्याच कुळातला. आपल्या बागेत नव्या पालवीवर बसणारी सायला ही कीड त्याच्यावरही पोसते, आणि तिच्यामार्फत ग्रीनिंग रोग पसरतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. १९९७-९८ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. आता दोन कोटीही निघत नाहीत. बागा उपटून लोकांनी जमिनी घरांसाठी विकल्या. तेव्हा उतरल्यावरच्या तपासणीत खाण्याचं सामान आहे का, असं विचारलं तर ‘आहे’ म्हणा आणि दाखवा. दाखवलेलं नको असेल तर फार तर काढून घेतील; लपवलेलं सापडलं तर दंड.

विमा हा पुढच्या लेखांकाचा विषय; तो मोठा आहे आणि खर्चिकही. त्याआधी एक काम उरकून ठेवा. रक्तदाबाच्या, साखरेच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या, तीत कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव असू द्या, आणि मुक्कामाला पुरून महिनाभर उरतील एवढ्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.