पावसाचे गणित एका फाइलीत

पायथनमध्ये मॉड्यूल म्हणजे कोड लिहिलेली एक साधी फाइल, आणि इम्पोर्ट म्हणजे तिच्यातला कोड दुसऱ्या फाइलीत वापरायची आज्ञा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे उदाहरण घेता येईल. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मात्र मोखाडा तालुक्यातच. पडलेल्या पाण्याचे मूळ सूत्र सोपे आहे: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. या सूत्राचे फंक्शन ‘पाऊस’ नावाच्या फाइलीत ठेवले, की जव्हारच्या आणि मोखाड्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘इम्पोर्ट पाऊस’ एवढी ओळ पुरते. पायथन 3 मध्ये देवनागरी नावेही चालतात, फक्त ती फारशी कुणी ठेवत नाही. फंक्शनमध्ये वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाणही धरले आणि ते पुढे बदलले, तर दुरुस्ती एकाच फाइलीत.

ही ओळ आली की पायथन आधी पाहतो, हे मॉड्यूल याच खेपेत पूर्वी आणले आहे का. असेल तर तेच पुन्हा हाती देतो. म्हणून सत्र चालू असताना फाइल बदलून पुन्हा इम्पोर्ट केले, तरी जुनेच उत्तर येते आणि नवखा माणूस चक्रावतो. नसेल तर, पायथनमध्येच अंगभूत असलेली काही मॉड्यूल सोडता, शोध सुरू होतो: आधी चालू स्क्रिप्टचा फोल्डर, मग पायथनबरोबर येणारी मॉड्यूल, शेवटी बाहेरून बसवलेली. फाइल सापडली की ती वरपासून खालपर्यंत चालवली जाते. आत छापायच्या ओळी असतील तर त्याही छापल्या जातात! ते टाळण्यासाठी चाचणीच्या ओळी ‘ही फाइल थेट चालवली असेल तरच’ अशा अटीखाली ठेवतात.

स्वतःचा फोल्डर आधी, या क्रमामुळेच एक नेहमीचा घोटाळा होतो. पावसाच्या नोंदी वाचणाऱ्या स्क्रिप्टलाच कुणी ‘सीएसव्ही’ नाव दिले, तर तिच्यातली ‘इम्पोर्ट सीएसव्ही’ ही ओळ पायथनचे त्याच नावाचे मॉड्यूल सोडून त्याच फाइलीला आणते आणि त्या मॉड्यूलमधला ‘रीडर’ सापडत नाही अशी तक्रार येते. 2024 च्या 3.13 आवृत्तीपासून पायथन स्वतःच सुचवतो, की फाइलीचे नाव बदलून पाहा. मॉड्यूलमधली सगळी नावे एकदम ओतून घेणारा तारांकित इम्पोर्टही टाळलेलाच बरा. कोणते नाव कुठून आले याचा पत्ता लागत नाही.

मोठ्या कामात इम्पोर्ट कुठे लिहायचा, यालाही महत्त्व येते. राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाण्याच्या ताळेबंदाचे प्लगइन केले, ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर चालते. अशा पायथन प्लगइनच्या नेहमीच्या साच्यात मुख्य फाइलीचा इम्पोर्ट एका फंक्शनच्या आत असतो. क्यूजीआयएसने ते फंक्शन बोलावले, तरच पुढचा कोड आत येतो.

बाहेरची मॉड्यूल ‘पिप’ या साधनाने इंटरनेटवरून बसवतात. रेंज नसलेल्या पाड्यावर ती आधी दुसऱ्या संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने उतरवून पेनड्राइव्हवर न्यावीत आणि ‘नो-इंडेक्स’ हा पर्याय आणि पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता देऊन बसवावीत. उतरवलेल्या फाइली मात्र तिथल्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी आणि पायथनच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या हव्यात.