आंबट मातीचं झुडूप

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या नजरेत हे झुडूप भरत नाही. कमरेएवढी उंची, टोकाकडे रुंद होत गेलेली जाडसर, चकचकीत पानं, आणि ती सगळी फांद्यांच्या शेंड्यांशी झुबक्यांनी गोळा झालेली. पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो. चिकूच्या बागेत हात घातलेल्याला हा चीक लगेच ओळखू येतो. चिकू, बकुळ, मोह, खिरणी आणि हे झुडूप, सगळी एकाच कुळातली. शास्त्रीय नाव सिन्सेपॅलम डल्सिफिकम. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ते ‘मिरॅकल फ्रूट’ या नावाने मिळतं. मूळचं ते पश्चिम आफ्रिकेतलं. घाना, बेनिन, नायजेरियाच्या बाजूला दमट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं, आणि लोक ते परसातही राखतात. योरुबा लोक त्याला अगबायुन म्हणतात.

त्याचं फळ बोटाच्या पेराएवढं, लांबट आणि लालभडक. आत एकच मोठी बी आणि तिच्याभोवती पांढरट गराचा पातळ थर. नुसता गर चाखला तर जेमतेम गोडसर लागतो. पण तो जिभेवर नीट फिरवून मग लिंबाची फोड चोखली, की लिंबू गोड लागतं. साखर घातलेलं सरबत लागतं तसं नाही. लिंबाचा वास, त्याचा रस, त्याचा ताजेपणा सगळं जागच्या जागी, फक्त आंबटपणाच्या ठिकाणी गोडी. अर्धा तास, कधी दीड-दोन तास ही अवस्था टिकते आणि मग हळूहळू ओसरते.

मी दक्षिण कोकणात, जांभ्याच्या जमिनीवर ही झुडपं वाढवते. एवढ्या काळात माझी एक खात्री झाली आहे. या झुडपाचं सगळं आयुष्य आंबटावर उभं आहे. त्याच्या फळाला आपला गुण दाखवायला तोंडात आम्ल लागतं, आणि त्याच्या मुळांना जगायला जमिनीत आम्ल लागतं. हे दुसरं ज्याला कळलं नाही, त्याच्या हाती पहिलं कधी येत नाही.

मातीचा आंबटपणा पीएचने मोजतात. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. या झुडपाला साधारण ४.५ ते ५.८ एवढी आम्ल माती मानवते. कोकणातल्या जांभ्या मातीतला चुना शतकानुशतकांच्या पावसाने धुऊन गेलेला आहे, म्हणून ती मुळातच आम्लधर्मी असते. तरीही ती एकटी पुरत नाही, कारण तिच्यात सेंद्रिय अंश कमी असतो आणि उन्हाळ्यात ती दगडासारखी आवळते. मी कुंडीसाठी निम्म्याहून जास्त कुजलेला पालापाचोळा घेते, आंबा-फणसाखालचा, आणि त्यात जांभी माती, नदीची जाड वाळू आणि धुतलेलं कोकोपीट मिसळते. कोकोपीट धुणं चुकवायचं नाही. नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि मिठाचं या झुडपाशी उभं वैर आहे. दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून टाकलं की ते वापरण्याजोगं होतं.

समुद्राची वाळू तर अजिबात नको. तिच्यात मीठ असतंच, शिवाय शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. सिमेंटच्या कुंडीतूनही पाण्यासोबत चुना पाझरतो, म्हणून मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी बरी. आणि आपल्याकडची एक जुनी, प्रेमाची सवय इथे आवरावी लागते: चुलीतली राख झाडाच्या बुंध्याशी टाकण्याची. माडाला, केळीला ती चालते. या झुडपाच्या मुळाशी ओंजळभर राख म्हणजे त्याला मुद्दाम उपाशी ठेवणं आहे.

उपाशी कसं, ते सोलापुरात माझ्या आत्येबहिणीच्या गच्चीवर दिसलं. तिथली काळी माती अल्कधर्मी आणि बोअरचं पाणी जड. इथून नेलेलं रोप पहिला पावसाळाभर छान राहिलं. हिवाळ्यात नवी पानं पिवळी पडायला लागली, फक्त शिरा हिरव्या. आसपासच्या सगळ्यांनी खत वाढवायला सांगितलं. प्रत्यक्षात मातीत लोह भरपूर होतं, पण अल्क मातीत ते अशा रूपात अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. ताटात वाढलेलं आहे आणि हात बांधलेले आहेत, अशी ती गत. द्राक्षाच्या आणि संत्र्याच्या बागायतदारांना ही पिवळी पानं नवी नाहीत. हिराकस घालूनही अशा मातीत फार काळ उपयोग होत नाही, ते पुन्हा अडकतं. म्हणून आम्ही कुंडीतली मातीच बदलली, चिलेटेड लोहाची हलकी फवारणी केली, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच द्यायचं ठरवलं. पाणी संपतं तेव्हा ती बोअरच्या पाण्यात थेंबाथेंबाने व्हिनेगर टाकते आणि पीएचच्या कागदी पट्टीचा रंग सहाच्या खाली उतरला की थांबते. पुढच्या पालवीला रंग आला. जुनी पिवळी पानं मात्र तशीच राहिली आणि गळून गेली.

पाणी देण्याची रीत साधी आहे: माती कधी कोरडी ठणठणीत होऊ द्यायची नाही आणि कधी चिखल होऊ द्यायचा नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला कठीण, विशेषतः आमच्याकडे, जिथे चार महिने आभाळ फाटतं आणि मग आठ महिने थेंब नाही. जमिनीत लावायचं तर उताराच्या किंवा उंचवट्याच्या जागी, माडा-पोफळीच्या विरळ सावलीत. सकाळचं ऊन अंगावर यावं, दुपारचं येऊ नये. जानेवारीत कोरडा वारा सुटला की पानांची टोकं करपतात, तेव्हा बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर आणि शेजारच्या झाडांचा आडोसा कामी येतो. थंडी दहा अंशांच्या खाली उतरते त्या गावांत ते उघड्यावर ठेवू नये.

खत अगदी हात राखून. कुजलेलं शेणखत थोडं, गांडूळखत थोडं, तेही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. रासायनिक खताची मूठ पडली की पानाच्या कडा तपकिरी होतात. क्षारांची खूण ती, आणि ती दिसली की भरपूर गोड्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची. रोगराई फारशी नाही. पिठ्या ढेकूण मात्र पानांच्या झुबक्यात, देठांच्या बेचक्यात लपून बसतो. कापसाच्या बोळ्याने पुसून काढला तरी पुरतो. मुंग्या झुडपावर चढताना दिसल्या की ढेकूण शोधायला लागायचं, कारण त्याच्या चिकट स्रावासाठी त्याच त्याला सांभाळतात.

आणि थांबायचं. वाढ इतकी सावकाश असते की महिना-महिना रोप जागेवरच असल्यासारखं वाटतं. बीपासून पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं सहज जातात. फुलं बारकी, पांढुरकी, पानांच्या बगलेत आणि पानं गळलेल्या काडीवरही येतात. शोधल्याशिवाय दिसत नाहीत. एकट्या झुडपालाही फळ धरतं, तरी फुलं असताना मी सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवते. फळ पूर्ण लाल झाल्यावरच काढायचं. हिरवट-नारिंगी फळात तो गुण अपुरा असतो. बुलबुलांना आपल्याआधी पत्ता लागतो, म्हणून पिकत्या फांदीवर जाळी घालणं आलं.

आमच्या घरी येणाऱ्याला मी कोकणातल्या आंबटांवर हे फळ चाखायला देते, कारण जगात दुसरीकडे इतकी आंबटं एका परसात क्वचितच सापडतील. बिंबलं, एरवी एक चावलं की डोळे मिटतात ते, रसाळ गोड फळासारखं खाल्लं जातं. कैरी पिकल्याशिवाय गोड होते, पण आंब्याचा वास नसतो, त्यामुळे तिचा स्वाद वेगळाच उठून येतो. कोकमाच्या आगळात मीठ असतं. आंबट गोड झालं तरी खारट खारटच राहतं आणि ते काही खास लागत नाही. कारलं कडूच, मिरची तिखटच. केळ्यासारख्या, आंबट फारसं नसलेल्या फळाला काही फरक पडत नाही.

याचं कारण फळातल्या मिरॅक्युलिन नावाच्या प्रथिनात आहे. १९६८ मध्ये केन्झो कुरिहारा आणि लॉइड बाइडलर यांनी फ्लोरिडात ते वेगळं काढलं. ते जिभेवरच्या गोड चव टिपणाऱ्या ग्राहींना घट्ट चिकटतं आणि गप्प बसतं. आम्ल आलं की ते ग्राहीला जागं करतं आणि जिभेला गोडी जाणवते. लाळेने आम्ल धुतलं की पुन्हा गप्प. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे ग्राहींच्या पातळीवर दाखवून दिलं. उकळलं की हे प्रथिन निकामी होतं, म्हणून याचा मुरंबा होत नाही. ताजं फळही दोन-तीन दिवसांत खराब होतं, त्यामुळे बाजारात ते गोठवलेलं, किंवा गोठवून सुकवलेल्या गराच्या गोळ्यांच्या रूपात येतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना हा गुण जुना माहीत. फ्रेंच प्रवासी शेवालिए दे मार्शे याने १७२५ च्या सुमारास तिथले लोक जेवणाआधी ही फळं चघळताना पाहिले. पुढे १८५२ मध्ये विल्यम डॅनिएल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलं की आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे शिळे, आंबूस झालेले गोळे आणि ताडी गोड लागावी म्हणून हे फळ वापरतात. साखर नसलेल्या स्वयंपाकघरातली ही शहाणी योजना होती. तिला चमत्कार म्हटलं ते बाहेरच्यांनी.

अमेरिकेत रॉबर्ट हार्वी यांनी मधुमेहींसाठी या फळापासून पदार्थ बनवायला कंपनी काढली होती. १९७४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा अर्क अन्नात मिसळायचा पदार्थ ठरवला, म्हणजे आणखी वर्षानुवर्षं चाचण्या, आणि कंपनी बंद पडली. केमोथेरपीने तोंडाला धातूची चव येणाऱ्या रुग्णांना याचा उपयोग होतो का, हे छोट्या अभ्यासांतून पाहिलं गेलं आहे. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की जेवण नकोसं झालेल्या माणसाला घासभर तरी गोड लागावं. पण मधुमेहावरचं औषध म्हणून कोणी विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहावं. आणि जिभेला गोड लागलं तरी पोटात आम्लच जातं. दातांवर आणि जठरावर लिंबाचा परिणाम व्हायचा तो होतोच. मुलं एकामागून एक लिंबं संपवायला लागतात, तेव्हा ताट उचलून आत न्यावं लागतं.

फळ खाऊन झालं की बी टाकू देत नाही. तपकिरी, गुळगुळीत, एका कडेने फिकट पट्टा असलेली ही बी चिकूच्या बीची सख्खी वाटते. ती वाळली की उगवत नाही, साठवता येत नाही, पोस्टाने पाठवायची तर ओल्या शेवाळात गुंडाळून लगेच पाठवावी लागते. गर पुरता धुऊन, काळ्या पिशवीतल्या भुसभुशीत पालामातीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल, आडवी ठेवायची आणि सावलीत ओल राखायची. कोंब वर यायला तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर उकरून पाहायचं नाही. दूरच्या गावाहून आलेल्याला मी त्याची बी ओल्या कापडात बांधून देते, सोबत वाटीभर पालापाचोळा, आणि बजावते की घरी पोचलात की हातपाय धुण्याआधी ही पेरा, नळाचं पाणी घालू नका, पावसाचं नसेल तर आमच्या विहिरीचं बाटलीत भरून न्या.