माळरानाची कौटुंबिक सफर



सुटी लागली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबें दोन दिशांना पांगतात : कोणी समुद्राकडे, तर कोणी थंड हवेच्या ठिकाणीं. परभणीहून निघालेलें कुटुंब मधला सगळा कोरडा मुलूख रात्रीच्या गाडींत झोपेंत ओलांडतें. या मुलुखांतहि पाहण्यासारखें पुष्कळ आहे. तें काय आहे, व मुलाबाळांसह तें कसें पहावें, हें सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

अमेरिकेंत लोक घरासारखी सोय असलेली मोटार घेऊन वाळवंटांतील उद्यानांतून आठवडेच्या आठवडे हिंडतात. मोटारींतच निजण्याचे बांक, शेगडी, पाण्याची टांकी आणि लहानशी मोरी असते. या फिरत्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं अशा पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. तशी मोटार मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर साधी जीपगाडी, दोन सतरंज्या आणि मुक्कामाला एखादें विश्रामगृह एवढ्यावरहि ही सफर पार पडते. आम्ही तिसऱ्या पिढीसह सहा माणसें अशाच रीतीनें जाऊन आलों आहों.

आतां कोणी म्हणेल, महाराष्ट्रांत वाळवंट कोठें आहे ? खरें वाळवंट नाहीं हें कबूल. जैसलमेरकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस पडतो. आपली स्थिति तितकी कठीण नाहीं. परंतु नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर चढतांना थंड होतात व आपला बहुतेक भार तेथेंच रिता करतात. महाबळेश्वरला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेच वारे पूर्वेस उतरले म्हणजे कर्जत-सोलापूरच्या माळाला जेमतेम पांचशे ते सातशे मिलिमीटर देतात. त्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. येथें मुरमाड जमिनीचा थर पातळ, त्यामुळें दाट अरण्य वाढत नाहीं, गवत वाढतें. पवन्या, मारवेल, कुसळी अशीं गवतें आणि अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. हेंच माळरान. तें उजाड झालेलें अरण्य नव्हे, तर स्वतंत्र सृष्टि आहे. एवढी गोष्ट मुलांच्या मनांत ठसली तरी सफरीचा अर्धा हेतु साधला.

पहिला मुक्काम लोणारचा. परभणीहून जिंतूरमार्गे उत्तरेस जावें. वाटेंत चारठाण्याचीं प्राचीन देवळें व जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणीं पाहून घ्यावीं. लोणारचें सरोवर म्हणजे काळ्या पाषाणांत पडलेली सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाची वाटी. ती ज्वालामुखीची असावी असें पुष्कळांस वाटे. परंतु प्रचंड आघाताशिवाय न बनणारा कांचेसारखा पदार्थ तेथें सांपडला आणि १९७३ सालीं ती उल्केच्या आघाताची असल्याचें शास्त्रज्ञांनीं मांडलें. चंद्रावरचीं विवरेंहि अशाच पाषाणांत पडलेलीं असल्यामुळें लोणारास जगांत महत्त्व आलें. वाटींत पाणी येतें, पण बाहेर जाण्यास वाट नाहीं. ऊन्हानें पाणी उडून जातें व क्षार मागें राहतात. या क्षारांचा उल्लेख 'ऐन-इ-अकबरी'तहि आहे. तांबडा लिटमसचा कागद पाण्यांत बुडवून मुलांस दाखवावा. तो पाहतां पाहतां निळा होतो. शाळेच्या फळ्यावर महिनाभर शिकवूनहि जें मनांत उतरत नाहीं, तें तेथें एका क्षणांत उतरतें. २०२० च्या जून महिन्यांत हेंच पाणी क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झालें होतें, आणि त्याच वर्षीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें.

तेथून मागें फिरून बीडमार्गें बालाघाटाच्या डोंगरांत शिरलें कीं पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य लागतें. मोरांसाठीं पहांट किंवा तिसरा प्रहर साधावा. दुपारीं ते सांवलींत दडतात.

पश्चिमेस कर्जत तालुक्यांत रेहेकुरी आहे. अवघ्या दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांचें हें अभयारण्य १९८० सालीं काळविटांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. नराची पाठ काळी व शिंगें पिळदार, मादी तपकिरी. वाघबिबट्यांप्रमाणें हा प्राणी झाडींत लपत नाहीं. त्याचें संरक्षण दूरवर पोंचणाऱ्या दृष्टींत व पायांच्या वेगांत असतें, म्हणून त्याला मोकळा माळच हवा. "आजोबा, इथें झाडें कां लावीत नाहींत ?" असें आमच्या नातवानें विचारलें, तेव्हां समोरच्या कळपाकडे बोट दाखवून मीं त्यास हेंच उत्तर दिलें. गवताळ माळावर सरसकट झाडें लावणें हें पुण्यकर्म वाटतें. पण काळविटाच्या दृष्टीनें तें घराच्या खिडक्या बंद करण्यासारखें आहे.

शेवटचा मुक्काम सोलापूरजवळ नान्नजला. १९७२ सालीं बी. एस. कुलकर्णी या अभ्यासकांनीं येथील माळावर माळढोक पाहिला व त्याची वार्ता सर्वत्र पोंचविली. १९७९ सालीं अभयारण्य झालें तें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें ! त्यांत शेंकडों गांवें व शेतें आलीं, जमिनीच्या व्यवहारांस अडथळे आले, लोकांचा रोष वाढला, आणि पुढें तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. गुरांचा पाय पडला किंवा कुत्र्यानें हुंगलें कीं वर्षाची आशा संपली. त्यांतच या पक्ष्यास समोरचें नीट दिसत नाहीं, म्हणून उडतांना तो विजेच्या तारांवर आदळतो. देशांत आज दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून ते बहुतेक जैसलमेरकडे आहेत. नान्नजला एखादा दिसलाच तर त्याची बातमी होते.

म्हणून तेथें माळढोक पाहण्याच्या अपेक्षेनें जाऊं नये. चंडोल, माळटिटवी, धाविक, खोकड आणि दैव असेल तर लांडगा दिसेल. मुलांस मात्र खरें तें सांगावें : ज्याच्या नांवानें ही जागा राखली, तो पाहुणा जवळजवळ निघून गेला आहे. आपल्या व्यवहारांत गवताळ भूमि 'पडीक' या सदराखालीं जाते. आणि जें पडीक ठरलें, तें कशासाठींहि देऊन टाकण्यास कोणाचा हात अडत नाहीं. माळ पाहून आलेलें मूल मोठेपणीं अशा कागदावर सही करण्यापूर्वीं क्षणभर थांबेल, ही आशा थोडी नव्हे.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. गवत सोनेरी असतें व ऊन सोसवतें. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोजचें पांच लिटर पाणी बरोबर घ्यावें. शंभर लिटर पाण्याचें वजन शंभर किलो भरतें, तेव्हां टांकी भरतांना मोटारीच्या शक्तीचा विचार करावा. गाडी चालतांना शेगडीचा गॅस बंद असावा, व निजतांना खिडकीची फट उघडी ठेवावी. दुधांतल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. तेवढी चूल वांचते. पाऊस पडून गेला असल्यास जड मोटार काळ्या मातींत घालूं नये. ही माती पाणी पिऊन फुगते व चाक गिळते, हें परभणीकरांस मीं सांगण्याची गरज नाहीं. मोरीचें सांडपाणी पाणवठ्याजवळ कदापि सोडूं नये. वाट सोडून गवतांत गाडी नेऊं नये, कारण अंडीं व पिलें तेथेंच असतात. मुक्काम परवानगीच्या जागींच करावा, आणि माळावर मेंढ्या घेऊन भेटणाऱ्या धनगरास आदरानें विचारावें. कोणतें गवत केव्हां येतें हें त्याच्याइतकें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं.

सोलापुराहून तुळजापूर, लातूर करीत परतीची वाट धरतां येते. सात-आठ दिवसांत ही सर्व यात्रा निवांतपणें होते. आपल्या दाराशीं असलेली ही सृष्टि मुलांना दाखविणें हें आपणां वडील माणसांचें काम आहे. पुढच्या सुटीचा बेत ठरवितांना नकाशावरील या रिकाम्या वाटणाऱ्या जागेवर एकवार बोट ठेवून पहावें, एवढीच विनंति.