घरात मराठी, गल्लीत भोजपुरी: बाळ बोलणार कधी?

वाराणसीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. अशा घरातल्या बाळाच्या कानावर आजीची मराठी पडते आणि गल्लीतली हिंदी-भोजपुरीही. बोलायला जरा उशीर झाला, की सल्ला मिळतो, 'मूल गोंधळतंय, मराठी बंद करा!'

हा समज चुकीचा आहे. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. बाळ 'मांजर' आणि 'बिल्ली' दोन्ही म्हणत असेल, तर ते दोन शब्द मोजा.

साधारणपणे सहा-सात महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा' सुरू होतं, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये' अशी जोडणी जमते.

त्यासाठी आंघोळ घालताना, वरणभात भरवताना बाळाशी बोला. ते 'भू' म्हणालं, तर 'हो, भूभू आला' असं वाक्य पुरं करा आणि क्षणभर थांबा. टीव्ही, मोबाइल बोलतात, पण बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

मात्र बाळ हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणत बसू नका. डॉक्टरांकडून आधी कान तपासून घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे.

दोष ऐकण्यात असेल, तर आजीची मराठी बंद करून तो जाणार नाही. उलट उपचाराचा मोलाचा काळ मात्र निघून जाईल.