डोक्यावर पाच पाती: गरज किती, जाहिरात किती

केस विरळ व्हायला लागले की उरलेल्यांची सारवासारव करत बसण्यापेक्षा सरळ तुळतुळीत गोटा करणारे पुरुष आता गावोगावी दिसतात. पूर्वी मुंडण म्हणजे जावळ, मुंज, तिरुपतीचा नवस किंवा घरात झालेला मृत्यू. ते प्रसंगाने व्हायचं आणि कारागिराच्या हातून व्हायचं. आता तेच काम माणूस स्वतःच्या हाताने, न्हाणीघरातल्या आरशासमोर, दर दोन-तीन दिवसांनी करतो. वस्तरा धरायची सवय नसते आणि डोक्याची मागची बाजू दिसत नाही. मग सगळ्यात महागडा, पाच पात्यांचा रेझर घेतला की काम सोपं होईल असं वाटणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डोक्यासाठी दोन किंवा तीन पात्यांचा, डोकं वळणारा रेझर बहुतेकांना पुरेसा आहे. चौथ्या-पाचव्या पात्यासाठी मोजलेल्या पैशांतून हाती फारसं काही लागत नाही. आणि ज्यांच्या मानगुटीवर हजामतीनंतर फोड येतात, त्यांनी तर पाती वाढवण्याऐवजी कमी करावीत.

‘पाती जितकी जास्त, तितका गोटा गुळगुळीत’

हा समज जाहिरातींनी चांगली पन्नास वर्षं जोपासला आहे. जिलेटने दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ १९७१ मध्ये बाजारात आणला. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात होती. दोनावर तिसरं पातं ही तेव्हा हसण्याची गोष्ट होती. १९९८ मध्ये ‘मॅक थ्री’ खरोखरच आला. २००३ मध्ये ‘शिक’ या प्रतिस्पर्धी कंपनीने चार पात्यांचा ‘क्वाट्रो’ काढला आणि २००६ मध्ये जिलेटने पाच पात्यांचा ‘फ्यूजन’ आणून त्याला उत्तर दिलं. या चढाओढीत गिऱ्हाइकाच्या गरजेपेक्षा दोन कंपन्यांची स्पर्धा मोठी होती, असं मला ठामपणे वाटतं.

तरी जाहिरातीतलं मूळ शास्त्र खोटं नाही. पहिलं पातं केसाला पकडतं आणि कापता कापता त्याला मुळातून किंचित बाहेर ओढतं. तो केस परत आत सरकायच्या आत मागचं पातं येऊन त्याला आणखी खाली कापतं. मग उरलेलं टोक त्वचेच्या पातळीच्याही खाली जातं आणि हात फिरवला तर खुंट लागत नाही. हा फायदा दुसऱ्या पात्याने मिळतो, तिसऱ्याने थोडा वाढतो. त्यापुढे कापायला उरतंच काय? पुढची पाती मग मोकळ्या त्वचेवरून जातात. पाच पात्यांचा रेझर एकाच जागेवरून तीनदा फिरवला, तर त्या जागेवरून धार पंधरा वेळा गेलेली असते. हजामतीनंतर होणारी आग आणि लाली यांचं मोठं कारण हेच.

त्वचेच्या खाली कापलेला केस दुसराही त्रास देऊ शकतो. सरळ केस परत वर येताना वाट काढतो. कुरळा किंवा राठ केस मात्र वाकून बाजूच्या त्वचेत घुसतो आणि तिथे फोड उठतो. मानेवर आणि मानगुटीवर हे जास्त दिसतं, कारण तिथले केस आडवेतिडवे उगवतात आणि त्यावर कॉलर घासत राहते. काही जणांच्या मानगुटीवर अशा फोडांच्या कठीण गाठी होतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर कायमचे व्रण राहतात. म्हणून असा त्रास असलेल्यांना अनेक त्वचातज्ज्ञ एका पात्याचा रेझर किंवा ट्रिमर वापरायला सांगतात. यावर सगळ्यांचं एकमत नाही. केस नीट भिजवून नियमित हजामत केली तर जास्त पात्यांनी त्रास वाढत नाही, असंही काहींचं निरीक्षण आहे. पण ज्याच्या मानगुटीवर आत्ता फोड आहेत, त्याने आधी एका पात्यावर येऊन महिनाभर फरक पाहावा. त्यात फारसा खर्च नाही. गाठी कडक झाल्या असतील तर मात्र रेझर बाजूला ठेवून सरळ त्वचातज्ज्ञाकडे जावं.

‘जास्त पाती म्हणजे कापण्याची भीती कमी’

यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. डोकं म्हणजे गाल नव्हे. कवटीला उंचवटे आहेत, कानामागे खोलगट वळण आहे, मागे मानेशी एकदम उतार लागतो. दुधारी ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर ताठ असतो. ब्लेडचा त्वचेशी कोन साधारण तीस अंशांचा ठेवायची जबाबदारी पूर्णपणे मनगटावर असते. गालावर आरशात बघून ते जमतं. डोक्याच्या मागे, न बघता, डाव्या हाताने चाचपत ते जमायला बराच सराव लागतो. कार्ट्रिजचं, म्हणजे अनेक पाती एकत्र बसवलेलं बदलता येणारं डोकं मात्र वळणासोबत स्वतः वळतं आणि कोन सांभाळतं. दाबही एकाच धारेवर न येता वाटला जातो.

पण ही सुरक्षितता येते ती वळणाऱ्या डोक्यामुळे आणि पुढच्या रबरी पट्टीमुळे, जी त्वचा ताणून धरते. ती दोन पात्यांच्या स्वस्त रेझरमध्येही मिळते. म्हणून दुकानात पाती मोजण्याऐवजी डोकं किती सहज फिरतं ते बोटाने हलवून पाहावं. पाच पात्यांचं डोकं रुंद असतं आणि कानामागच्या अरुंद जागेत ते नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवावं. तिथे राहिलेले चार केस काढायला माणूस जोर लावतो आणि नेमका तिथेच कापून घेतो.

ज्यांचा हात जुन्या सेफ्टी रेझरवर बसला आहे, त्यांना बदलायचं काहीच कारण नाही. एका महागड्या कार्ट्रिजच्या किमतीत साधी ब्लेडं महिनोन्‌महिने पुरतील इतकी येतात, आणि दर दोन-तीन हजामतींनी नवं ब्लेड लावण्याची चैन त्यातच परवडते.

‘भारी रेझर कितीही वाढलेले केस काढतो’

इथे मात्र जास्त पाती हा सरळ तोटा आहे. डोक्यावर सुमारे लाखभर केस असतात आणि ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. चार-पाच दिवसांत दीडेक मिलिमीटरचे खुंट उभे राहतात. पात्यांमधल्या फटी अगदी बारीक असतात. दाट डोक्यावर दोन हात मारले की त्या केस आणि साबणाच्या लगद्याने भरतात. पुढे पातं कापत नाही, ओढतं.

या फटींचा धडा भारतातच मिळाला होता. जिलेटने आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी ‘व्हेक्टर’ रेझर तयार करताना त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. अडकलेले केस ढकलून काढायला त्यात खास पट्टी होती. पण ते विद्यार्थी वाहत्या नळाखाली दाढी करत होते. इथे लाखो माणसं मगभर पाणी घेऊन, बऱ्याचदा जमिनीवर बसून दाढी करतात. त्या पाण्यात रेझर बुचकळला तरी केस निघेनात. पुढे कंपनीच्या लोकांनी इथल्या घरांत जाऊन दाढी कशी होते ते पाहिलं आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ आणला. त्यात पातं एकच होतं, धुवायला सोपी मोकळी फट होती. रेझरची किंमत १५ रुपये आणि कार्ट्रिजची ५ रुपये ठेवली होती. पाच पात्यांचा रेझर विकणाऱ्या कंपनीनेच गरज समजून घेतल्यावर एका पात्याकडे यावं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं, त्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या घरात ती आजही तितकीच खरी आहे.

तेव्हा केस वाढले असतील तर आधी झिरो मशीन फिरवावं आणि मगच रेझर हातात घ्यावा.

याहून मोठा फरक पडतो तो पाण्याने. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. म्हणून डोक्याची हजामत अंघोळीच्या शेवटी करावी, आधी नाही. साबणाच्या वडीचा पातळ फेस लवकर वाळतो. दाढीचं क्रीम किंवा जेल ओलावा धरून ठेवतं. मग तळहात फिरवून केस कुठल्या दिशेने आहेत ते बघावं. टाळूवरच्या भोवऱ्यापाशी दिशा गोल फिरते, मानगुटीवर ती अनेकदा आडवी असते. पहिला हात केसांच्या दिशेनेच हलका मारावा. सलूनमध्ये ज्याला ‘उलटी मारणं’ म्हणतात, तो उलटा हात हवाच असेल तर पुन्हा फेस लावून, आणि मानगूट सोडून. एवढं केलं तर दोन पात्यांचा रेझरही पाच पात्यांइतका स्वच्छ गोटा करतो. आणि एवढं न करता महागडं कार्ट्रिज कोरड्या डोक्यावर ओढलं तर ते सोलून काढतं.

‘निळी पट्टी पांढरी होईपर्यंत कार्ट्रिज चालतं’

ती पट्टी म्हणजे पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारं रसायन. तिचा रंग गेला तर वंगण संपलं एवढंच कळतं, धारेबद्दल काही कळत नाही. पोलादापेक्षा कितीतरी पटींनी मऊ असलेला केस धार कशी घालवतो, हे एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. धार हळूहळू घासून गोल होते असा सर्वसाधारण समज होता. त्यांना दिसलं की वाकलेला केस पात्याला तिरका भिडतो, तेव्हा धारेचे बारीक टवके उडतात. 

पातं बदलायची खरी खूण एकच: केस ओढल्यासारखा लागला की बदलायचं. ब्लेड टॉवेलने पुसू नये. धारेवरचा गुळगुळीत थर त्याने जातो. पाणी झटकून, बाथरूमच्या ओलीबाहेर उभं ठेवावं. महाग कार्ट्रिजचा इथे एक छुपा तोटा आहे. किंमत आठवून माणूस ते बोथट झाल्यावरही आठवडेच्या आठवडे वापरतो. बोथट पाच पात्यांपेक्षा नवं एक पातं केव्हाही बरं.

‘सारखा गोटा केला की केस दाट येतात’

जावळ काढताना हे घरोघरी ऐकू येतं, आणि विशी-पंचविशीतली टक्कल पडू लागलेली मुलं याच आशेने महिनोन्‌महिने गोटा करत राहतात. केसाचं मूळ त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असतं. वर दिसतो तो निर्जीव धागा. तो कापल्याचं मुळाला कळत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं की हजामतीने केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. निमुळतं टोक जाऊन बोथट खुंट राहतो, म्हणून तो हाताला राठ लागतो. केस खरोखर गळत असतील तर आशेवर वर्ष घालवण्यापेक्षा लवकर त्वचातज्ज्ञाला दाखवावं. सुरुवातीला उपचारांना वाव जास्त असतो.

‘घरातल्या घरात एक रेझर चालतो, वर तुरटी फिरवली की झालं’

याबाबतीत जराही सूट देता कामा नये. तुरटीने त्वचा आकसते आणि बारीकसारीक रक्तस्राव थांबतो. कावीळ करणाऱ्या हेपटायटिस बी किंवा सीच्या विषाणूपासून ती संरक्षण देत नाही. बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पसरतो. पात्यांच्या फटींत अडकलेली त्वचा नळाखाली धरून पूर्ण निघत नाही. पाती जास्त तितक्या अशा जागा जास्त. भावाभावांत, बापलेकांत, वसतिगृहातल्या मित्रांत रेझर वेगळाच हवा. सलूनमध्ये कारागिराने आपल्या डोळ्यांसमोर पाकीट फाडून नवं ब्लेड वस्तऱ्यात घातलं पाहिजे, आणि तसं सांगण्यात संकोच नको. चांगला कारागीर ते न सांगता करतो.

केमोथेरपी सुरू होण्याआधी किंवा सुरू असताना डोकं भादरायचं असेल, तर पात्यांची चर्चाच बाजूला ठेवावी. उपचारांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे बारीकशी चीरही वाहत राहते आणि चिघळू शकते. अशा वेळी रेझर न वापरता ट्रिमरने केस अगदी बारीक करावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तेच सोयीचं पडतं. मधुमेहात साखर आटोक्यात नसेल तेव्हाही ट्रिमरच बरा. त्याने गोटा तुळतुळीत होत नाही, अर्धा मिलिमीटर खुंट राहतो, आणि तेवढा राहू द्यावा.