‘देऊळ’ : गावाचे हसू आणि केशाची व्यथा

हास्य आणि व्यथा एकाच कथानकात नांदू शकतात, हे नाट्याच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. ती कोणत्या रीतीने एकत्र येतात, हा प्रश्न मात्र प्रत्येक कृतीपुरता स्वतंत्रपणे विचारावा लागतो. जॉर्गी दानेलिया यांच्या ‘शरदातील मॅरेथॉन’ या रशियन चित्रपटाने १९७९ साली सान सेबास्तियान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. दिग्दर्शकाने त्यास ‘खिन्न विनोदिका’ म्हटले आहे. त्यातील बुझीकिन हा लेनिनग्राडचा अनुवादक कोणासही नकार देऊ शकत नाही. पत्नी, प्रेयसी, शेजारी, परदेशी पाहुणा या साऱ्यांची मने राखता राखता त्याचे स्वतःचे असे आयुष्यच उरत नाही. आपण हसतो ते त्याच्या धावपळीस, आणि तीच धावपळ त्याचे दुःख होय. हसू आणि दुःख येथे एकाच व्यक्तीच्या ठायी आहेत.

उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शित ‘देऊळ’ (२०११) या मराठी चित्रपटात ही वाटणी निराळी आहे. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान यास ‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून मिळाला, आणि गिरीश कुलकर्णी हे अभिनय व संवादलेखन या दोहोंसाठी गौरविले गेले. त्यांनी रंगविलेला केशा हा मंगरूळ गावचा भोळा गुराखी. करडी नावाची गाय शोधीत असता झाडाखाली त्यास झोप लागते आणि दत्ताचे दर्शन घडते. तो धावत गावात येऊन ते सांगतो. आणि सांगितल्या क्षणापासून ते दर्शन त्याचे राहत नाही.

यापुढचा विनोद सर्वस्वी गावाचा आहे. वर्तमानपत्रात बातमी येते, उनाड तरुणांस काम सापडते, राजकारणी भाऊंस मतांचा अंदाज घ्यावा लागतो. अण्णा रुग्णालयाची योजना घेऊन झटत असतात. ती मागे पडते आणि देऊळ उभे राहते. पाठोपाठ दुकाने येतात, गर्दी येते, पैसा येतो. यात कोणी खलपुरुष नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येकाचा स्वार्थ लहान व समजण्याजोगा आहे, म्हणूनच आपणांस मोकळेपणी हसता येते. उत्तरार्धात केशा गर्दीत हरवून जातो व कथेचा तोल ढळतो, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु माझ्या मते नायकाचे हे हरवणे हाच चित्रपटाचा आशय होय. ज्याच्या अनुभवावर देऊळ उभे आहे त्यालाच तेथे एकांत मिळत नाही.

बीड जिल्ह्यातील वाचकास दत्तदर्शनाची ही कथा परकी वाटू नये. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) हे दत्तोपासक. घरदार सोडून त्यांनी दीर्घ तप केले आणि गोदाकाठच्या राक्षसभुवनी त्यांस दत्तपादुका लाभल्या, असे परंपरा सांगते. त्या अनुभवाचे पुढे जे झाले ते ग्रंथरूपाने झाले. सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ‘गीतार्णव’ आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या खादीच्या पासोडीवर लिहिलेले ‘पंचीकरण’ ही त्याची साक्ष. ही तुलना फार ताणू नये. विद्वान संतकवी कोठे आणि गुराखी कोठे! तरी भेद बोधक आहे. दासोपंतांपाशी आपला अनुभव मांडावयास भाषा होती. केशापाशी ती नाही. ‘मला देव दिसला’ या तीन शब्दांपलीकडे त्याचे बोलणे जात नाही, आणि मग उरलेले सारे त्याच्या वतीने इतरच बोलू लागतात. परळी किंवा अंबाजोगाई येथील यात्रेची उलाढाल लहानपणापासून पाहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस हे इतरांचे बोलणे चांगलेच ओळखीचे वाटेल.

अखेरीस केशाला जे सुचते ते शब्दाने नव्हे, कृतीनेच. तो देवळातील मूर्ती उचलून नेतो व नदीत विसर्जित करतो. या प्रसंगी प्रेक्षागृहातील हसू थांबते, कारण इतका वेळ गावाबरोबर हसणाऱ्या प्रेक्षकाला प्रथमच केशाच्या शेजारी उभे राहावे लागते. गावात मात्र नव्या मूर्तीची सिद्धता होते आणि देवळाचा व्यवहार पुढे चालू राहतो.